रोगजंतू उन्हाळा कुठे काढतात?

(भाषणाचा मजकूर)



आज एका साध्या प्रश्नावर बोलू या. पावसाळा लागला की गावात तापाची माणसं दिसू लागतात. गोठ्यात एखाद्या म्हशीचा गळा सुजतो. भाताची पानं कडेनं पिवळी पडून करपतात. दिवाळी आली, पाऊस सरला, की हे सगळं कमी होतं, आणि वैशाखात तर कुणाला त्याची आठवणही राहत नाही. मग पुढच्या मृगात हे रोग पुन्हा येतात कुठून? आभाळातून तर पडत नाहीत! याचा अर्थ असा, की रोगाचे जंतू मधले आठ महिने कुठेतरी दबा धरून बसलेले असतात. माणसाच्या, जनावराच्या किंवा पिकाच्या बाहेर त्यांनी आपला मुक्काम टाकलेला असतो. तो मुक्काम आपल्याला ओळखता आला, तर रोग येण्याआधीच त्याची वाट अडवता येईल. आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे.

जंतू म्हणजे काही सगळे एका जातीचे नव्हेत

अंगाबाहेर पडलेल्या जंतूवर चहूबाजूंनी संकटं येतात. ऊन त्याला मारतं, कोरडी हवा त्याला सुकवते, खायला काही मिळत नाही आणि मातीतले दुसरे असंख्य जीव त्याला खाऊन टाकतात. बहुतेक रोगजंतू या माऱ्यापुढे टिकत नाहीत. जे टिकतात, ते आपापली युक्ती करून टिकतात. आपल्या कामापुरत्या या युक्त्या तीन समजा.

पहिली युक्ती ओलीची. असा जंतू नाजूक असतो. पण ओल आणि सावली मिळाली की आठवडेच्या आठवडे तग धरतो. दुसरी युक्ती आसऱ्याची. हा जंतू उघड्या मातीत फार काळ राहत नाही. धसकट, पेंढा, तण, बियाणं असा कुणाचा तरी आधार धरून राहतो. तिसरी युक्ती कवचाची. हा जंतू स्वतःभोवती टणक कवच करून वर्षानुवर्षं झोपून राहतो. तिघांचे मुक्काम वेगळे, म्हणून तिघांवरचे उपायही वेगळे.

ओलीवर जगणारा जंतू : लेप्टो

रोहे तालुक्यात वरसे आणि आसपासच्या गावांत भात हे मुख्य पीक. लावणीचे दिवस म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांपर्यंत चिखलात. याच चिखलात लेप्टोस्पायरा नावाचा जंतू असू शकतो. त्यापासून होणाऱ्या तापाला आपण लेप्टो म्हणतो.

हा जंतू मळसूत्रासारखा वळलेला आणि फार बारीक असतो. त्याचं मूळ घर उंदराच्या मूत्रपिंडात. गंमत अशी, की उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. उंदीर धडधाकट फिरतो आणि मुतेल तिथे जंतू सोडत जातो. गाई, म्हशी, डुकरं, कुत्री यांच्या मुतातूनही हा जंतू बाहेर पडतो. बांधातल्या बिळांतले उंदीर, गोठ्यातून वाहणारं पाणी आणि खाचरात साचलेलं पाणी ही सगळी एकाच साखळीची कडी आहेत.

बाहेर पडल्यावर हा जंतू फारसा वाढत नाही, पण तग मात्र धरतो. ओल्या मातीत किंवा साचलेल्या गोड्या पाण्यात तो काही आठवडे, जागा सोयीची असली तर काही महिनेही जिवंत राहू शकतो. एकमेकांना चिकटून, आणि पाण्यातल्या दुसऱ्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरात शिरून तो स्वतःचं रक्षण करतो, असं अलीकडच्या अभ्यासात दिसून आलं आहे. त्याला ऊब चालते, सावली चालते. आंबट माती चालत नाही. आता तुम्ही म्हणाल, आपल्या कोकणची माती तर आम्लधर्मी, म्हणजे आंबटच आहे. खरं आहे. पण खाचरात पाणी भरून राहिलं की त्या मातीचा आंबटपणा कमी होत जातो. म्हणजे भाताला जे मानवतं, तेच या जंतूलाही मानवतं!

त्याची दुबळी बाजूही ध्यानात घ्या. माती पार सुकली की तो मरतो. कडक उन्हात मरतो. खाऱ्या पाण्यातही फार काळ टिकत नाही. अर्थात खारपट्टीतल्या शेतकऱ्यांनी त्यावर निर्धास्त राहू नये, कारण पावसात जमिनीतलं मीठ धुऊन जातं आणि खाचरात गोडं पाणीच उभं राहतं.

मग उन्हाळ्यात हा जंतू राहतो कुठे? मुख्यतः उंदरांत आणि गुरांत. शिवाय जिथे ओल सुटत नाही अशा जागी. आपल्या कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही आटत नाही. जिथे कालव्याचं पाणी मिळतं तिथे उन्हाळी भात होतो. पाणी हे वरदानच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण बारा महिने ओल राहणाऱ्या शिवारात ओलीच्या जंतूलाही बारा महिने थारा मिळतो, हे विसरून चालणार नाही.

हा रोग काही आजचा नव्हे. जर्मनीत वाईल नावाच्या डॉक्टरांनी १८८६ साली कावीळ आणणाऱ्या या तापाचं वर्णन केलं. जपानमध्ये इनाडा आणि इडो या शास्त्रज्ञांनी १९१५ च्या सुमारास त्याचा जंतू शोधून काढला. आपल्या देशात अंदमानातल्या या रोगाचा सविस्तर अभ्यास १९३१ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी हे नाव झालं ते २००५ च्या महापुरानंतर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले, आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण एकदम वाढले. पाणी ओसरलं होतं, जंतू मात्र ओलीत राहिले होते. शहरातल्या लोकांवर ही वेळ एका पुरात आली. आपण शेतकरी तर दर वर्षी महिना-महिना पाण्यात उभे असतो.

ताप अंगावर काढू नका

हा जंतू अंगात शिरतो तो पायाच्या जखमेतून, भेगेतून, पाण्यानं भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, आणि डोळ्या-नाका-तोंडातूनही. शिरल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. कधी त्याआधी, तर कधी महिन्यानंही. एकदम थंडी वाजून ताप, डोकं ठणकणं, डोळे लाल होणं आणि पोटऱ्या हात लावू नये इतक्या दुखणं, ही त्याची खूण.

आणि इथेच घात होतो. लावणीच्या दिवसांत कुणाच्या पोटऱ्या दुखत नाहीत? दिवसभर वाकून अंग मोडलेलं असतं. मग माणूस म्हणतो, "चिखलाचा ताप आहे, जाईल." दुकानातली गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाचरात उतरतो. काही जणांना चार-सहा दिवसांनी ताप उतरून बरंही वाटतं. पण ते बरं वाटणं फसवं असू शकतं. नंतर डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडतं. जंतूनं यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुसं धरलेली असतात. मग धावाधाव सुरू होते, आणि कधी कधी उशीर झालेला असतो.

म्हणून सांगतो, पावसाळ्यात ताप आला तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे आपण होऊन सांगा, की "मी चिखलात काम करतो, पायाला जखम आहे." हे एक वाक्य डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतं. सुरुवातीला या रोगावर साधी, नेहमीची औषधं लागू पडतात. साथीच्या वेळी आरोग्य खात्याकडून आठवड्याला घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही देतात. पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्याव्या. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्या परस्पर देऊ नयेत.

आता चिखलात पाय घालायचाच नाही, असं तर कुणी सांगणार नाही. गमबूट घाला असं सांगणं सोपं. पण चिखलणीच्या गाळात बूट अडकून बसतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून जमेल तेवढं करा. गोठा झाडताना, बांध घालताना, नाला साफ करताना बूट आणि हातमोजे नक्की वापरा. ज्याच्या पायाला उघडी जखम आहे, त्याला दोन दिवस बांधावरचं काम द्या. रोपाच्या मुठी वाहू दे, चहा-भाकरी घेऊन येऊ दे. अगदीच उतरावं लागलं तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. खाचरातल्या पाण्यानं तोंड धुऊ नका. घरी आल्यावर साबण लावून स्वच्छ पाण्यानं हातपाय धुवा आणि पुसून कोरडे करा. गोठ्याचं पाणी खाचरात किंवा विहिरीकडे जाऊ न देता शोषखड्ड्यात सोडा. आणि उंदरांचा बंदोबस्त एकट्यानं नको, सगळ्या आळीनं मिळून एकाच वेळी करा. नाहीतर तुमच्या बांधातला उंदीर शेजाऱ्याच्या बांधात जाईल आणि चार दिवसांनी परत येईल. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका.

आसऱ्यानं राहणारा जंतू : भाताचा कडा करपा

आता दुसऱ्या युक्तीकडे वळू. भाताच्या पानाच्या टोकाकडून आणि कडेनं पिवळा, नागमोडी पट्टा उतरत येतो आणि पान पेंढ्यासारखं वाळतं. हा कडा करपा. तोही जिवाणूमुळेच होतो. महाराष्ट्रात या रोगाची नोंद १९५१ सालापासून आहे. पुढे १९६३ साली बिहारात शाहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. त्याच दशकात तायचुंग नेटिव्ह-१ हे बुटकं, खताला मानणारं वाण देशात आलं होतं. ते या रोगाला लवकर बळी पडे. वाणाबरोबर रोगही सगळ्यांच्या नजरेत भरला.

ओळखायची एक सोपी रीत सांगतो. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ, धुरासारखी रेघ पाण्यात उतरताना दिसली, तर तो जिवाणूंचा लोंढा समजा.

हा जंतू उघड्या मातीत किंवा नुसत्या पाण्यात फार काळ टिकत नाही. कापणीनंतर तो राहतो धसकटांत, धसकटांना फुटलेल्या हिरव्या फुटव्यांत, रोगट पेंढ्यात, बांधावरच्या गवतवर्गीय तणांत आणि काही अंशी बियाण्यात. पाऊस पडला की तिथून वाहत्या पाण्याबरोबर आणि वाऱ्या-पावसाच्या सपकाऱ्याबरोबर रोपांवर येतो. पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, तिथून आणि जखमांतून आत शिरतो. म्हणून लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटण्याची सवय असेल तर ती सोडा. छाटलेला शेंडा म्हणजे जंतूला उघडं दार.

त्याचा आसरा मोडणं आपल्या हातात आहे. कापणी झाली की जमीन नांगरून धसकटं उलटी पाडा. आपल्याकडे भाताच्या ओलीवर वाल, पावटा, हरभरा घेण्याची जुनी रीत आहे. ती नुसती पोटासाठी नाही. भाताच्या जागी दुसरं पीक आलं, की भाताच्या जंतूची उपासमार होते. ज्या खाचरांत भातावर भात होतो, तिथे मधे निदान काही दिवस जमीन कोरडी पडू द्या आणि फुटवे मोडून टाका. बांध स्वच्छ ठेवा. रोगट शेतातलं बियाणं धरू नका. बियाणं मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून बुडवा. वर तरंगणारं पोचट आणि रोगट बी काढून टाका, खालचं बी चांगल्या पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत सुकवा. यानं सगळे जंतू मरतात असं नाही, पण हलकं, रोगट बी तरी शेतात जात नाही. रोग दिसला की युरिया ओतू नका. नत्राच्या मात्रेनं पान लुसलुशीत होतं आणि रोग बळावतो. रोगट खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडू नका. कोणतं वाण तग धरतं, याची चौकशी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात किंवा कृषी खात्याच्या आपल्या गावच्या माणसाकडे करा.

कवच घालून झोपणारे जंतू

तिसरी जात सगळ्यांत चिवट. काळपुळी, ज्याला काही भागांत फाशी म्हणतात, जनावरांचा फऱ्या, आणि माणसाचा धनुर्वात. या तिन्ही रोगांचे जंतू अडचणीच्या वेळी टणक कवच करतात. शास्त्रात याला बीजाणू म्हणतात. असा बीजाणू खात नाही, वाढत नाही, नुसता पडून राहतो. ऊन, दुष्काळ, पाऊस काही त्याला लवकर मारत नाही.

तो किती टिकतो, याचा एक दाखला सांगतो. स्कॉटलंडजवळ ग्रुइनार्ड नावाचं एक लहान बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रिटिश लष्करानं तिथे मेंढ्यांवर काळपुळीच्या जंतूंचा प्रयोग केला. मेंढ्या मेल्या, प्रयोग संपला, पण बेट काही शुद्ध होईना. माणसांना तिथे पाऊल ठेवायची बंदी झाली. शेवटी १९८६ साली समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून जमिनीवर फवारलं, आणि १९९० साली ते बेट निर्धोक जाहीर झालं. मधे जवळजवळ अर्धं शतक गेलं!

यातून आपण काय घ्यायचं? काळपुळीचा जंतू जनावराच्या अंगात असतो तेव्हा त्याला कवच नसतं. मेलेलं जनावर फाडलं नाही, तर आतले जंतू कुजण्यातच मरून जातात. पण कातडं काढायला सुरी लावली, रक्त जमिनीवर सांडलं, त्याला हवा लागली, की जंतू कवच धरतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं रोगट होते. फ्रान्सचे शास्त्रज्ञ पाश्चर यांनी १८८० साली दाखवून दिलं, की जनावर पुरलेल्या जागचे बीजाणू गांडुळांबरोबर वर येतात आणि तिथे चरणाऱ्या मेंढ्यांना रोग होतो.

तेव्हा एखादं जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर त्याला हात लावू नका, कातडं काढू नका, मांस वाटू नका. कुत्र्या-गिधाडांपासून राखा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्या. त्यांच्या देखरेखीखाली, नदी-विहिरीपासून आणि चराईपासून दूर, निदान सहा फूट खोल पुरा. वरून चुना टाकला म्हणजे काम झालं, असं समजू नका. काळपुळीवर खरा उपाय खोल खड्डा आणि न फाडलेलं जनावर हाच.

फऱ्याचा जंतू जमिनीतून काढून टाकता येत नाही. म्हणून पावसाआधी लस टोचून घ्या. त्याच वेळी घटसर्पाचीही टोचा. घटसर्पाच्या जंतूला कवच नसतं. तो ओल्या जागेत थोडे दिवस टिकतो आणि एरवी काही धडधाकट दिसणाऱ्या गुरांच्या घशात राहतो. तरी पावसाच्या ओलीत तोच सर्वांत लवकर पसरतो. माणसांनी धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्यावं. शेणामातीत हा जंतू असतोच. खिळा, काटा, कोयता लागला तर जखमेवर शेण, माती किंवा राख लावू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

आपला राब आणि आपला उकिरडा

कुणी विचारेल, मग आमचा राब? राब भाजल्यानं वाफ्याच्या वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, काही जंतूही मरतात. पण ही आग त्या वाफ्यापुरती आणि वरच्या थरापुरती. बांधावरच्या तणातला, बिळातल्या उंदरातला किंवा खोल मातीतला जंतू तिला भीत नाही.

उकिरड्याची आग मात्र फार गुणाची, कारण ती दिसत नाही. शेण आणि पालापाचोळा नीट रचून, पुरेशी ओल ठेवून, अधूनमधून ढीग वरखाली केला, की आतली उष्णता पंचावन्न अंशांच्या वर जाते. हात घालवत नाही इतकं खत तापतं. ही उष्णता काही दिवस राहिली, की ओलीचे आणि आसऱ्याचे बहुतेक जंतू मरतात. कवचाचे मरत नाहीत. म्हणून शेतात कच्चं शेण न टाकता कुजलेलं खत टाका, आणि रोगानं मेलेलं जनावर खताच्या ढिगात कधीही टाकू नका.

थोडक्यात ध्यानात ठेवा

ओलीच्या जंतूची ओल तोडा : पाणी साचू देऊ नका, उंदीर मारा, जखम झाका.

आसऱ्याच्या जंतूचा आसरा मोडा : धसकटं, फुटवे, तण काढा, पीक बदला, बियाणं निवडून घ्या.

कवचाच्या जंतूला जमिनीत जाऊच देऊ नका : जनावर फाडू नका, खोल पुरा, लस टोचून घ्या.

आणि पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नका.

यातल्या बऱ्याच कामांना पैसा लागत नाही. वेळ साधावी लागते. ती वेळ म्हणजे मृगाआधीचे आठ-पंधरा दिवस. तेव्हा आपण बांधबंदिस्तीला निघतोच. त्याच फेरीत बिळं बघा, तण बघा, गोठ्याचं पाणी कुठे जातं ते बघा, गुरांची लस झाली का ते विचारा. मंडळी, एकदा सर्वांनी मिळून अशी फेरी काढा.